उजवा कान

टेबलावर पांढऱ्या कापडावर हाडं ओळीनं मांडली होती आणि काकू ती सोडून खोलीत सगळीकडे बघत होत्या. जुन्या खाणीच्या तळाशी सापडलेला हा माणूस आपला नवरा आहे की नाही, एवढंच कळायला हवं, असं त्या सगळ्यांना सांगत. खरं दुखणं वेगळंच होतं. ते बेपत्ता झाले त्याच्या आदल्या रात्री काकूंनी अंथरुणात पडल्या पडल्या तोंडाचा पट्टा सोडला होता. शेवटी म्हणाल्या होत्या, "एकदाचे निघून जा, परत तोंड दाखवू नका." सकाळी ते कामाला म्हणून गेले ते गेलेच. त्या वाक्यानं काकूंना इतकी वर्षं धड झोपू दिलं नव्हतं.

मूलबाळ नाही, नवऱ्याच्या रक्ताचंही कुणी उरलेलं नाही. मग डीएनए जुळवायचा कुणाशी? उंची आणि वय जुळत होतं, पण तसं ते निम्म्या गावाचं जुळलं असतं.

आजाराचं पोलिसांनी विचारलं तेव्हा काकूंनी ठणकावून सांगितलं होतं, "साधी सर्दीसुद्धा नाही." हाडं तपासणाऱ्या डॉक्टरबाई मात्र आजाराचं नावच काढत नव्हत्या. घरचे लोक आपल्या माणसाला हटकून ठणठणीत ठरवतात, हे त्यांना अनुभवानं पाठ झालं होतं.

"काकू, रस्त्यानं चालताना तुम्ही त्यांच्या कुठल्या बाजूला असायचा?"

"डावीकडे. मी उजवीकडे गेले की दंड धरून इकडे आणायचे. भारी हौस!"

"आणि फोन?"

"डाव्या कानाला."

"झोपायचे कसे?"

"डाव्या कुशीवर, माझ्याकडे पाठ करून. मी कितीही बडबडले तरी उलटून एक अक्षर नाही. देवमाणूस हो!"

डॉक्टरबाईंनी कवटी अलगद फिरवली. उजव्या कानामागचं हाड आतपर्यंत पोखरलेलं होतं. "लहानपणी कान फुटून पू आत गेला असणार. कडा गुळगुळीत झाल्यात, म्हणजे फार जुनं. या कानानं त्यांना ऐकूच येत नसणार. आणि चांगला कान रात्री उशीत. काकू, हे तुमचेच."

काकू आधी भडकल्या. "म्हणजे जन्मभर मी भिंतीशी भांडले? आणि मला पत्ता लागू दिला नाही! लबाड कुठले!" बोलता बोलता त्या थांबल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि कधी कुणाला न सांगितलेलं ते वाक्य त्यांनी डॉक्टरबाईंना सांगून टाकलं.

"खाण त्यांच्या कामाच्या वाटेवरच आहे ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मांडीचं हाड मोडलंय, उंचावरून पडल्यावर मोडतं तसं. रोजच्यासारखे कामालाच निघाले होते ते."

काकूंना रडू फुटलं. रडता रडताच त्यांनी डॉक्टरबाईंचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. मग उठून त्या पोखरलेल्या हाडावर हळूच बोट ठेवलं. एखाद्या दुखण्याचे उपकार मानायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि त्यांनी ते मनापासून मानले.

मग टेबलाला वळसा घालून त्या डाव्या बाजूला आल्या, खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "चला, घरी जाऊ."