मावशीचा जोडीदार

साहेबांनी पेन्सिलीचं टोक कानात घालून फिरवलं, बाहेर काढून निरखलं आणि त्याच टोकाने संगणकाच्या पडद्यावरची ओळ दाखवली. तो कान इतका खोल होता, की कुणाचं बोलणं तळाला पोचल्याचं ऑफिसात कुणालाच आठवत नव्हतं.

"ही मेलेली माणसं आपल्या गटात कशाला?"

"योजनेतलीच आहेत, साहेब," आकडेवाली म्हणाली. "दवाखान्यातून घरी सोडल्यावर नर्सने जाऊन तपासायचं होतं. नर्स पोचायच्या आधीच ही वारली."

"भेट नाही, तर योजना नाही. टाका दुसऱ्या गटात."

योजनेतल्या प्रत्येक रोग्याला त्याच वयाचा, त्याच दुखण्याचा, योजनेबाहेरचा जोडीदार शोधायचा आणि कोण जास्त जगलं ते बघायचं, हे तिचं काम. नर्सची वाट बघत मेलेले सगळे पलीकडे ढकलले, की अलीकडे जणू अमृत वाटल्यासारखं दिसायचं.

तिने कळफलक दूर सारला.

"हे मला जमणार नाही. माझी मावशीच नर्सची वाट बघत पडलीय."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" साहेब कळवळले. तिथल्या तिथे फोन लावला. "आजच येईल नर्स. तुमची मावशी ती आमची मावशी. अहवाल तेवढा संध्याकाळपर्यंत द्या हं."

संध्याकाळी अहवाल गेला.

ती घरी पोचली तेव्हा नर्स मावशीचे सुजलेले पाय दाबून बघत होती.

"डॉक्टरांशी बोललेय. गोळी वाढवलीय. वेळेवर आले म्हणायचं."

"तुमचा हात लागला, आता मी पळतच सुटते बघा," मावशी खुशीत होती. "आमची ही पोरगी! दिवसभर लोकांच्या जोड्या लावते आणि स्वतःचं काही बघत नाही."

"चहा टाकते," आकडेवाली म्हणाली.

"नको हो. एक आजोबा कालपासून खोळंबलेत. आज त्यांचाच नंबर होता, पण साहेबांचा फोन आला. अगदी मावशींसारखेच आहेत. वय हेच, दुखणं हृदयाचंच, पायही असेच."

आकडेवालीने नर्सची बॅग उचलून दारापाशी नेऊन ठेवली. चपलाही सरळ करून ठेवल्या.

"निघा ना मग. लवकर निघा."

नर्सचा फोन वाजला. आजोबांच्या घरचा होता. तिने ऐकून घेतलं.

"कधी?... बरं."

फोन खिशात टाकून ती पलंगाच्या कडेला पुन्हा टेकली.

"टाका चहा," ती म्हणाली.

"बसल्या की नाही!" मावशीने टाळी वाजवली. "अगं, दारात काय उभी राहिलीस? साखर चांगली घाल."