देव विचार करून राहिला

कोंडलगीच्या देवळात पहिल्या दिवशी मुबश्शिरानं जे मोजलं ते असं: दगडी खांब सोळा, त्यांतले शाबूत अकरा. छताला गळती तीन ठिकाणी. वटवाघळं मोजून व्हायच्या आत उडाली, अंदाजे चाळीस. गाभाऱ्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना एकेक उभी मूर्ती, दोन्ही शेंदरानं इतक्या माखलेल्या की नाक कुठं, हात कुठं, काही कळत नव्हतं. डावीची उंची एकशे एकेचाळीस सेंटीमीटर, उजवीची एकशे एकोणचाळीस. अंगणात निळी सरकारी पाटी एक. हे राज्य संरक्षित स्मारक असून त्याला रंग फासणं, ते खरवडणं किंवा विद्रूप करणं हा कायद्यानं गुन्हा आहे, असं पाटीवर लिहिलेलं होतं. पाटीलाही शेंदूर लावलेला होता. खाली उदबत्तीची राख होती.

मुबश्शिरा देगलूरची. नांदेडला रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून ती स्मारकांच्या दुरुस्तीच्या कामावर कंत्राटी लागली होती, आणि हे तिचं पहिलं एकटीचं काम. दोन मूर्तींवरचा शेंदूर काढायचा, आतला दगड तपासायचा, लागेल तिथं भरायचा. परवानगीचा कागद बॅगेत होता, त्यावर शिक्के तीन, मुदत एकतीस मे.

डावा देव वरच्या आळीचा मारुती. उजवा खालच्या आळीचा भैरोबा. चैत्रातल्या जत्रेत पहिला नारळ कुणाचा फुटायचा हे कोंडलगीत पिढ्यानपिढ्या एकाच गोष्टीवर ठरत आलं होतं. जत्रेच्या आदल्या दिवशी दोन्ही देवांना सुतळी लावायची. ज्याचा देव उंच, त्या आळीचा मान. मग दोन्ही आळ्या वर्षभर शेंदूर लावत, आणि अंगाला हात पुसल्यासारखा लावून उरलेला सगळा डोक्यावर थापत. दोन्ही देवांची डोकी रांजणाएवढी झाली होती. गेली पाच वर्षं वरची आळी पुढं होती, दोन सेंटीमीटरनं.

आणि हा सगळा शेंदूर यायचा कुठून, तर देगलूरहून, मुबश्शिराच्या अब्बांच्या दुकानातून. ताहेरभाईंच्या बापाच्या वेळेपासून पूजेचं सामान ठेवणारं बाजारपेठेतलं ते दुकान दोन्ही आळ्यांना सारख्याच भावानं शेंदूर देत आलं होतं. लेकीचं काम कळल्यावर ताहेरभाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"मेरी दुकान बंद कराने निकली क्या तू?"

"दोनच तो मूर्ती हैं, अब्बा."

"तेरे लिए मूर्ती. मेरे तो सबसे बडे गिराक हैं दोनों."

पण मुबश्शिराला झोप लागेना ती वेगळ्याच कारणानं. डाव्या मूर्तीच्या घोट्यापाशी शेंदराचा एक पापुद्रा आपोआप सुटला होता, आणि त्याच्या मागं दगडाला चीर गेलेली दिसत होती. नख सहज आत जाईल एवढी. ती वर किती गेलीय ते शेंदराखाली झाकलेलं. दर पावसाळ्यात छतातलं पाणी भिंतीतून मूर्तीच्या दगडात उतरत होतं, शेंदूर ते बाहेर पडू देत नव्हता, आणि वर रांजणाचं ओझं. एकतीस मे उलटला की नवी परवानगी कधी मिळेल ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि मधल्या पावसाळ्यात तो घोटा टिकेल असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

देवळापुढच्या लिंबाखाली बैठक बसली. वरच्या आळीचे अण्णाराव धोतराचा सोगा गुडघ्यावर घेऊन बसले होते. खालच्या आळीच्या कस्तुराबाई पदर खोचून उभ्याच होत्या. त्यांच्या आळीत त्यांच्या पुढं कुणी बोलत नसे.

"लावायला बापानं द्यायचा अन् काढायला लेकीनं यायचं," अण्णाराव म्हणाले. "धंदा बरा हाय तुमचा."

मुबश्शिरानं चिरेचं सांगितलं.

"मारुतीचा पाय मोडत असतो व्हय पोरी? डोंगर उचलून आनलाय त्यानं."

"तेव्हा डोक्यावर एवढा शेंदूर नव्हता, काका."

कस्तुराबाईंना हसू आलं. ते त्यांनी पदरात घेतलं आणि म्हणाल्या, "खरं बोलून राहिली पोरगी. काढ. आधी त्यांचा काढ."

"आधी त्यांचा काढा," अण्णाराव म्हणाले. "चीर आमच्याला हाय म्हंजे सांभाळून करावं लागल. तवर त्यांच्यावर हात बसू द्या तुमचा."

"म्हंजे आमचा बुटका झाला की तुमी न्हाई म्हनायला मोकळे."

"दोन्ही एकदम काढू," मुबश्शिरा म्हणाली.

"अन् कमी-जास्त झालं तर?" दोघं एकदम म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत ते एकदम काही बोलल्याचं हे पहिलंच, असं देवळाचे गुरव संगप्पा नंतर सांगत होते.

तोडही संगप्पांनीच काढली. "भांडता कशाला? देवालाच इचारा की. कौल लावू."

कौलाची रीत सोपी होती. देवाच्या उजव्या खांद्यावर फूल चिकटवायचं. पडलं तर होकार. आपसूक पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मुबश्शिरानं मनाशी हिशोब केला. तेलकट पृष्ठभाग, त्यात मे महिना. दुपारपर्यंत तेल पातळ होईल आणि फुलं घसरतील. तिनं आनंदानं मान डोलावली.

सकाळी दोन्ही आळ्यांनी आपापलं फूल लावलं. दुपारी मुबश्शिरा थर्मामीटर घेऊन बसली. बेचाळीस अंश. तेलाचे ओघळ मूर्तींच्या पोटावरून खाली आले. फुलं जागची हलली नाहीत. ती जवळ गेली आणि तिनं वास घेतला. भैरोबाच्या फुलाला गुळाच्या पाकाचा येत होता. मारुतीच्या फुलाला पंक्चर काढायच्या सोल्युशनचा. अण्णारावांचा पुतण्या व्यंकटी फाट्यावर सायकली दुरुस्त करायचा, हे तिला आठवलं. तिनं वहीत तापमान तेवढं लिहिलं. वास हा पुरावा होत नाही.

तिनं नांदेडला फोन लावला. तिचे साहेब, आनंदराज सर, सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "कायद्यानं आपल्याला अडवता कुणालाच येत नाही, मॅडम. पण गावाला विश्वासात घ्या. विश्वासात न घेता हात लावू नका."

"गाव म्हणतंय देव अजून बोलला नाही."

"म्हणजे विचाराधीन आहे," आनंदराज सर म्हणाले. त्यांना ते लगेच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी भैरोबाच्या गुळाला मुंग्या लागल्या. आधी एक रांग, मग तीन. संध्याकाळच्या आत त्यांनी पाकळ्या सुट्या केल्या, देठ पोखरला, आणि उरलेलं फूल सगळ्या खालच्या आळीच्या देखत कस्तुराबाईंच्या पायाशी पडलं.

कस्तुराबाईंनी मुंग्यांकडं बघितलं. गूळ त्यांच्याच घरचा होता.

"देव बोलला म्हंजे बोलला," त्या म्हणाल्या. "काढ बाई. पन डोस्क्यावरचा शेवटी काढ."

मुबश्शिरानं पायापासून सुरुवात केली. द्रावकात भिजवलेला कापूस लावायचा, थर मऊ व्हायचा, मग लाकडी पात्यानं उचलायचा. लोखंड लावायचं नाही. घोटे निघाले, घोट्यांवर तोडे निघाले. मांडीवरच्या वस्त्राची बारीक चूण निघाली. कमरेचा पट्टा निघाला तेव्हा खालच्या आळीच्या बायका शेतातून परस्पर देवळात येऊ लागल्या. गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी वेगळा होता. रांजणाची वेळ आली तेव्हा मुबश्शिरानं कस्तुराबाईंकडं बघितलं.

"काय बगतीस? काढ की. तोंड कसं हाय बगू दे."

तोंड हसरं होतं. डोक्यावर नक्षीचा मुकुट होता.

मग देगलूरहून लोक फोटो काढायला आले, नायगावहून आले. एक नवं जोडपं इस्लापूरहून घरी जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आलं. नारळ फुटत होते ते सगळे उजव्या बाजूला. कस्तुराबाई दाराशी उभ्या राहून येणाऱ्याला सांगत, "बाजूला दुसरा एक हाय. पन तो अजून झाकलेला हाय."

वरच्या आळीचा मारुती त्याच्या रांजणासकट तसाच होता. खांद्यावरचं फूल वाळून कुरकुरीत झालं होतं, पण सोल्युशन चांगल्या प्रतीचं होतं.

"काका, तुमचा देव नाही म्हणाला का?" मुबश्शिरानं विचारलं. तिच्याकडं आठवडा उरला होता, आणि घोट्याची चीर, तिनं आडवी खूण करून ठेवलेली, अर्धा मिलिमीटर रुंदावली होती.

"न्हाई कुठं म्हनला?" अण्णाराव म्हणाले. "विचार करून राहिला."

"पाय चालला त्याचा. खरंच सांगते. मी खूण केलीय, बघा तुम्ही."

अण्णाराव वाकले. खुणेपाशी बोट लावून त्यांनी बघितलं, मग उजव्या बाजूच्या गर्दीकडं बघितलं, मग पुन्हा खुणेकडं. आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा अण्णाराव आणि व्यंकटी देवळात आधीच हजर होते. फूल जमिनीवर होतं. फुलाला तळहाताएवढा शेंदराचा पापुद्रा अजून घट्ट चिकटलेला होता, आणि पापुद्र्याच्या कडेला टायर काढायच्या पट्टीचा सरळ वळ होता.

"कौल झाला," अण्णाराव म्हणाले.

"काका, फूल पडलं का पाडलं?"

"पडलं. आमी फकस्त खाली ठिवलं."

मुबश्शिरानं कापूस भिजवायला घेतला. या वेळी तिनं सुरुवात डोक्यापासून केली, कारण ओझं आधी उतरवायचं होतं. रांजणाचा पहिला तुकडा अण्णारावांनी ओंजळीत घेतला आणि नदीत सोडायला स्वतः गेले. चीर गुडघ्यापर्यंत गेलेली निघाली. नांदेडहून दोन कारागीर आले, त्यांनी घोट्याला बाहेरून आधार लावला, आत स्टीलच्या बारीक सळ्या घातल्या, चीर भरली, आणि तीस मेला घोट्याचा आधार काढून घेतला. मूर्ती उभी राहिली.

दोन्ही आळ्या बघायला आल्या. डाव्या मूर्तीच्याही पायात तोडे होते, गळ्यात माळ होती, डोक्यावर मुकुट होता आणि हातात गदा होती.

"गदा बगा," अण्णाराव म्हणाले. "म्हंजे मारुतीच."

"आमच्याच्याबी हातात हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "अन् हात चार कशे हो तुमच्या मारुतीला?"

"कामं लई असत्यात त्याला."

"आमच्यालाबी चारच हायेत."

"तुमचा बघून शिकला आसंल."

ताहेरभाई त्या दिवशी पहिल्यांदाच दुकान बंद ठेवून कोंडलगीला आले होते. त्यांनी या मूर्तीकडं बघितलं, त्या मूर्तीकडं बघितलं, आणि लेकीच्या कानाशी विचारलं, "दोनों एकीच हैं क्या गे?"

"द्वारपाल आहेत, अब्बा," ती हळूच म्हणाली. "एकाच हातचे. दाराचे राखणदार."

"अभी मत बोल."

"अहवालात लिहावं लागेल."

"अहवाल यहाँ कौन पढता."

तेवढ्यात गर्दीतून सुतळी पुढं आली. संगप्पांनी ती अण्णारावांच्या हातात दिली. अण्णारावांनी कस्तुराबाईंकडं बघितलं, कस्तुराबाईंनी मुबश्शिराकडं बघितलं.

"सुतळी ताणती," त्या म्हणाल्या. "तुजी लोखंडी टेप लाव."

गर्दी मागं सरली. मुबश्शिरानं टेपचं टोक पायाखालच्या दगडावर टेकवलं, मुकुटाच्या टोकापर्यंत नेलं, आकडा वाचला. मग दुसऱ्या बाजूला गेली. दोन्हीकडं तीन-तीन वेळा मोजून तिनं आकडे मोठ्यानं सांगितले.

वरच्या आळीचा देव एकशे अठरा सेंटीमीटर. खालच्या आळीचा देव एकशे अठरा सेंटीमीटर.