गुरुजींचा रिफंड माझ्या पोटातून गेला

मित्रांनो, मी एक जुने लॅमिनेशनचे मशीन आहे. झेरॉक्सच्या मशीनशी माझी गल्लत करू नका. ते एका कागदाचे दहा करते. मी एकाचा एकच ठेवते, पण असा ठेवते की पाणी, उंदीर आणि पाहुण्यांच्या पोरांचे तेलकट हात त्याचे काही वाकडे करू शकत नाहीत.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. दोन रबरी रूळ, पोटात तापणारी पट्टी, एक लाल दिवा आणि एक हिरवा, एवढाच माझा संसार. १९९४ साली लताबाई पगारे यांनी मला नाशिकला आणले आणि जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ एका जिन्याखालच्या दुकानात झेरॉक्सशेजारी बसवले. त्यांचे यजमान नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते. "ते नोटा छापतात, पण घर चालवायच्या नोटा मलाच मिळवाव्या लागतात," असे लताबाई नव्या गिऱ्हाइकाला हमखास सांगायच्या. जुन्या गिऱ्हाइकालाही सांगायच्या.

माणूस कसा आहे ते मला त्याच्या कागदावरून कळते. पहिला वर्ग मिळवलेला मुलगा गुणपत्रिका घेऊन एकटा येतो. पस्तीस टक्केवाल्याबरोबर त्याची आई येते आणि प्लास्टिक जाड लावायला सांगते. पण माझी सगळ्यात इमानी गिऱ्हाइके म्हणजे पेठ-सुरगाण्याकडची माणसे. तिकडे पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. पेटीतल्या दाखल्यावर बुरशी येते, शिक्का पसरतो, सही वाहून जाते. म्हणून ती माणसे रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळे माझ्याकडे आणायची. त्यांनी माझे फार कौतुक केले. मी थोडी चढूनही गेले, हे कबूल करते.

मंगळू भोये गुरुजी त्यांच्यातलेच. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर प्राथमिक शिक्षक. पगारवाढीच्या फरकाची रक्कम त्यांना एकदम मिळाली, तेव्हा मार्चमध्ये त्यांच्या पगारातून कर कापला गेला. विम्याच्या पावत्या गुरुजींनी उशिरा दिल्या, त्यामुळे तो जरा जास्तच कापला गेला. वर्षाचे विवरणपत्र भरल्यावर हिशेब निघाला. सहा हजार दोनशे बारा रुपये परत मिळायला हवे होते.

गुरुजींना वाटले, सरकार आपल्यावर खूश झाले. लताबाईंनी ते ताबडतोब दुरुस्त केले. म्हणाल्या, गुरुजी, हे बक्षीस नाही. दुकानदाराला शंभराची नोट दिली आणि सत्तरचा माल घेतला, तर वरचे तीस आपलेच असतात. रिफंड म्हणजे तेच. फक्त हा दुकानदार सुटे द्यायला वेळ लावतो.

आणि खरेच वेळ लागला. वर्ष गेले. गुरुजी दर दोन महिन्यांनी पेठच्या एसटीने यायचे, विवरणपत्राच्या पोचेची झेरॉक्स काढायचे, कर कार्यालयात जायचे आणि 'पुढच्या महिन्यात बघा' एवढे ऐकून परतायचे. पाचव्या खेपेला लताबाईंनी त्यांच्या विवरणपत्राची प्रत सहज वरपासून खालपर्यंत वाचली. बँकेच्या खातेक्रमांकाची चौकट कोरी होती.

"हे का रिकामं सोडलंत?"

गुरुजी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आपलं खातं कुठं आहे ते सरकारला कशाला कळायला पाहिजे?"

"गुरुजी, तुमचा पगार त्या खात्यात कोण भरतं?"

गुरुजींनी खिशातला चष्मा काढून लावला. मग त्यांनी पेन मागितला.

लताबाईंनी अर्जाचा मजकूर सांगितला आणि गुरुजींनी तो आपल्या वळणदार अक्षरात लिहिला. खातेक्रमांक, पूर्ण पत्ता, पिनकोड, सोबत पोचेची प्रत. लताबाईंनी बजावले, की अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घ्यायची आणि तीच जपायची. तोंडी विचारलेले तोंडीच राहते. हे त्या कुठल्या शाळेत शिकल्या नव्हत्या. दुसऱ्यांचे कागद उलटे ठेवता ठेवता सुलटे वाचले होते, इतकेच.

या पैशांवर एक गोष्ट अडली होती, ती आता सांगते. गुरुजींची पत्नी भागीबाई. त्यांना चार वर्षांपासून ऐकू कमी येत होते. नाशिकच्या डॉक्टरांनी कानामागे बसणारे यंत्र सांगितले होते. किंमत साडेपाच हजार. पाड्यावरच्या बायकांत बसून गप्पा मारायची भागीबाईंना भारी हौस, पण अलीकडे त्या कडेला बसत. कोणी काही विचारले की हसून मान हलवत. दहातल्या आठ वेळा होकाराने काम भागते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

उरलेल्या दोनातली एक वेळ माझ्या वाट्याला आली.

२००१ च्या फेब्रुवारीत गुरुजी जनगणनेच्या कामाला डोंगरात गेले होते. तेव्हाच खातेक्रमांक छापलेला चेक रजिस्टरने आला. वर थोडे व्याजही होते. उशीर झाला तर सरकार व्याज देते, हे गुरुजींनी घरी दहा वेळा मोठ्याने सांगून ठेवले होते. भागीबाईंनी चेक ओळखला. हा आपला कान आहे, हेही ओळखले. घरात तो ठेवायचा कुठे? पत्र्याला भोक, पेटीत उंदीर. त्या एसटीत बसल्या आणि थेट माझ्याकडे आल्या.

दुकानात बोर्डाच्या परीक्षेची गर्दी होती. लताबाईंनी चेक नीट न बघताच हातात घेतला आणि झेरॉक्सच्या घरघरीत पाठमोऱ्याच विचारले, "मावशी, मूळ चेक बँकेत भरून झाला ना? ही प्रत नुसती आठवणीला ठेवायचीय ना?"

भागीबाईंनी हसून मान हलवली.

मित्रांनो, मला वाचता येते, पण बोलता येत नाही. माझा हिरवा दिवा लागला, रूळ फिरले आणि तो चेक गरम, गुळगुळीत, अमर होऊन बाहेर पडला. मी त्याच्या चारही कडा इतक्या सुंदर चिकटवल्या होत्या की काय सांगू. भागीबाईंनी बारा रुपये दिले, चेक गालाला लावून बघितला आणि गेल्या.

आठवड्याने गुरुजी आले. त्यांनी तो चेक टेबलावर ठेवला. तो वाजला.

बँकेतल्या माणसाने तो उलटसुलट केला होता, खिळ्यावर टोचायचा प्रयत्न केला होता आणि शेवटी शेजारच्या टेबलाला दाखवायला नेला होता. शेजारच्या टेबलाने पुढच्याला दाखवला. अर्ध्या बँकेने हसून घेतल्यावर कळले, की यावर सही होत नाही, शिक्का बसत नाही आणि प्लास्टिक सोलले तर अक्षरे प्लास्टिकबरोबर निघतील. शिवाय असल्या सरकारी चेकची मुदत तीनच महिने.

गुरुजी चिडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "ती दोन दिवस जेवली नाही, लताताई. म्हणते, माझा कान मीच बुजवला."

लताबाई खुर्चीत बसल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना गिऱ्हाइकासमोर बसलेले पाहिले नव्हते. "होकार तिनं दिला, पण तिच्याकडं पाठ करून मी विचारलं," त्या म्हणाल्या. मग उठल्या, दुकानाचे शटर भरदुपारी अर्धे खाली ओढले आणि गुरुजींबरोबर स्वतः कार्यालयात गेल्या.

तिथल्या कारकुनानेही आधी हसून घेतले. मग त्याने नीट सांगितले. मूळ चेक परत जमा करा, काय झाले ते अर्जात लिहा, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र द्या. नवा चेक निघेल. किती दिवसांत ते विचारू नका. आणि या उशिराचे व्याज मागू नका, कारण हा उशीर सरकारने केलेला नाही.

तो माझ्या पोटाने केला होता. त्या महिन्यात मी तीन कागद वाकडे काढले.

पुढे लताबाईंनी एक शंभर पानी वही केली. पहिल्या ओळीत लिहिले, 'भागीबाईंना देणे, रु. १२'. खाली प्रत्येक अर्जाची तारीख, आवक क्रमांक, कोण भेटले, काय म्हणाले. दर महिन्याला एक स्मरणपत्र, त्याच्या प्रतीवर शिक्का. गुरुजींकडून झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी दिलेच तर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पीठ तेवढे घेतले. सहाव्या स्मरणपत्राला तो कारकून म्हणाला, की बाई, तुमची वही आमच्या रजिस्टरपेक्षा बरी आहे. लताबाईंनी तेही वाक्य तारखेसह वहीत लिहून ठेवले.

ऑक्टोबरात चेक आला. गुरुजींनी तो पोस्टमनच्या हातातून घेतला आणि घरात न नेता बँकेत नेला.

दिवाळी झाल्यावर दोघे दुकानात आले. भागीबाईंच्या कानामागे बदामी रंगाचे यंत्र होते. त्या आत आल्या आणि थेट माझ्याकडे बघू लागल्या.

"हे बोलतंय का काय?"

"गुणगुणतंय," लताबाई म्हणाल्या. "सात वर्षं झाली."

"लय बेसूर हाय."

मित्रांनो, माझ्या आवाजाबद्दल कोणी प्रथमच काही बोलले होते. मला फार आनंद झाला.

मग भागीबाईंनी पिशवीतून एक कार्ड काढले. कानाच्या यंत्राचे गॅरंटी कार्ड. चार महिने धुक्यात राहायचे, तर ते गरम करून द्या, म्हणाल्या. लताबाईंनी कार्ड घेतले, माझ्याकडे वळल्या आणि मुद्दाम पाठमोऱ्याच, आवाज न चढवता म्हणाल्या, "यावर दुकानाचा शिक्का मारून झाला ना?"

माझा दिवा हिरवा होता, रूळ तयार होते.

"नाय," भागीबाई म्हणाल्या. "शिक्का नाय, सही बी नाय. आधी मारून आणते, मंग गरम कर."

लताबाई वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण हिशेब पक्का होता. त्यांनी गल्ल्यातून बारा रुपये काढून भागीबाईंच्या हातावर ठेवले. "हा माझा रिफंड. अर्ज नको, पोच नको."

भागीबाईंनी पैसे मोजले. पुन्हा मोजले. मग हात पुढेच ठेवून विचारले, "आन् याज?"

लताबाई इतक्या हसल्या की बाहेरचे गिऱ्हाईक आत डोकावले. व्याजापोटी दोन स्पेशल चहा आले, वहीत तशी नोंद झाली आणि तो जमाखर्च बंद झाला.

आता दुकान इंदिरानगरला गेले आहे. रिफंड आता थेट खात्यात जमा होऊ लागलेत, त्यामुळे कोणाचा कान माझ्या पोटात जायची भीती नाही. माझा एक रूळ घसरतो. नवे मशीन आले आहे, मी कोपऱ्यात आहे, आणि माझ्यावर लताबाईंची ती शंभर पानी वही ठेवलेली असते. तिच्या पहिल्या ओळीवर आडवी रेघ आहे.

म्हणून एवढेच सांगते, मित्रांनो. खात्याची चौकट कोरी सोडू नका, शिक्का मारलेली पोच जपा आणि ज्या कागदाचा प्रवास बाकी आहे त्याला माझ्याकडे आणू नका. आणि कोणी नुसतीच हसून मान हलवली, तर त्याच्या समोर येऊन पुन्हा एकदा विचारा. मला ते जमले नाही. मला तोंडच नव्हते. तुम्हाला आहे.