डॉक्टरांच्या दंडावरचा सेन्सर

शाळा उघडायच्या आधीचे दिवस, गणवेशांची घाई, आणि मावशी हातात कात्री धरूनच खाली बसल्या. बसल्या कसल्या, कोसळल्याच. दुकानात शिवायला येणाऱ्या दोघी मशीन सोडून धावल्या. एकीनं कात्री काढून घेतली, दुसरीनं साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. जरा वेळानं मावशींच्या डोळ्यांत ओळख आली. पहिलं वाक्य काय, तर, "ती बाही कुणी कापली नाही ना?"

सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. मावशींना लहानपणापासून मधुमेह. उतारवयात जडतो तो नव्हे. शरीर इन्शुलिन बनवणंच सोडून देतं आणि जन्मभर टोचून घ्यावं लागतं, तो. एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. साखर उतरायला लागली की त्यांना स्वतःला आधी कळायचं. कपाळावर घाम यायचा, बोटं थरथरायची, सुईत दोरा जायचा नाही. मग त्या कुणाला पत्ता लागू न देता गल्ल्यातली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकायच्या. या वेळी मात्र यातलं काहीच झालं नाही. दिवा विझावा तशा त्या विझल्या.

नव्या डॉक्टरीणबाई वयानं मावशींच्या मुलीसारख्या. त्यांनी शांतपणे समजावलं, की वर्षानुवर्षं साखर अशी खालीवर होत राहिली की शरीर कधीकधी सूचना द्यायचंच थांबवतं. यात मावशींची काही चूक नाही. आणि त्यांनी दंडावर सेन्सरची एक पांढरी चकती बसवून दिली, कोटाच्या बटणाएवढी. तिच्या पोटात केसासारखी एक तार, ती कातडीखाली जाते. मग फोनवर दिवसभर आकडा दिसत राहतो, रेघ सरकत राहते, आणि शेजारचा बाण ती चढतेय की उतरतेय ते सांगतो. साखर फार खाली गेली की फोन कोकलतो, आणि मावशींच्या नवऱ्याचाही कोकलतो.

"म्हणजे मी चोरून काही खाल्लं तर यांना कळणार," मावशी कुरकुरल्या.

"ते मला आत्ताही कळतं," नवरा म्हणाला.

दुपारी विश्रांतीच्या नावाखाली त्या कॉटवर पडल्या आणि फोनवरची रेघ बघत राहिल्या. एक सुई नाही, रक्ताचा थेंब नाही. आणि का कोण जाणे, त्यांच्या नाकात स्पिरिटचा वास भरला.

तेव्हा त्या मावशी नव्हत्या, प्राथमिक शाळेतली एक हडकुळी पोर होत्या. तहान इतकी, की मधल्या सुट्टीत नळाला तोंड लावलं की घंटा होईपर्यंत निघायचं नाही. आईनं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. दोनच खोल्या, बाहेर बसून बसून गुळगुळीत झालेलं बाकडं. घरातल्या सगळ्यांना ज्यांनी औषध दिलं होतं, ते हे डॉक्टर. त्यांनी पोरीला तोंड उघडायला सांगितलं, वाकून तिच्या श्वासाचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. पिकलेल्या फळासारखा वास येत होता. त्याच तासाला त्यांनी तिला आपल्या गाडीत घालून मोठ्या इस्पितळात पोचवलं.

पोर वाचून घरी आली, पण भेटायला येणाऱ्यांचे चेहरे बघून ती आईच्या पाठीमागे लपायची. एक चुलत आत्या तर आईला बाजूला घेऊन म्हणाली, हिच्या लग्नाबिग्नाचं काही मनात आणू नका. बाजूला म्हणजे किती बाजूला, पोरीला शब्द न् शब्द ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्टीलचा डबा घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले. काचेची सिरिंज कशी उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर कशी घासायची, तिचं टोक कापसावरून फिरवून ते कुठं अडकत तर नाही ना हे कसं बघायचं, हे त्यांनी मायलेकींना शिकवलं. आधी बटाट्यावर सराव, मग मांडीवर. साखर मोजायची ती लघवीतली. परीक्षानळीत निळं औषध, त्यात थोडे थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर. रंग निळाच राहिला तर उत्तम. हिरवा, पिवळा, नारिंगी असा तो चढत गेला की आईचा जीव टांगणीला लागायचा. विटकरी झाला की घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. आईच्या शिवणाच्या डब्यातले दोरे नळीशेजारी धरून पोर रंग जुळवायची, आणि जवळचा दोरा सापडला की तो डॉक्टरांना नेऊन दाखवायची.

डॉक्टरांना हे इतकं आवडलं, की त्यांनी तिचं नावच ठेवलं, शास्त्रज्ञबाई. रस्त्यानं जाताना खिडकीत डोकावून विचारायचे, "काय शास्त्रज्ञबाई, आज कुठला दोरा?" पुढं बारीक सुया आल्या, बोटाच्या थेंबावर चालणारं यंत्र आलं, इन्शुलिनचं पेन आलं. दर वेळी डॉक्टर आधी स्वतःला टोचून बघायचे आणि मग तिच्या हातात द्यायचे. लग्न झालं, मुलगी झाली, दुकान उभं राहिलं. मग कधीतरी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. त्यानंतर मावशींना डोळ्यांचे एक डॉक्टर मिळाले, किडनीचे एक, साखरेचे एक. सगळे चांगले. खिडकीत डोकावणारं मात्र कुणी उरलं नाही.

चकती लावून आठवडा झाला आणि मावशी डॉक्टरांकडे गेल्या. दवाखान्याच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वरच्या मजल्यावर डॉक्टर आणि त्यांची मुलगी. मुलीनं दारातच हळू आवाजात सांगितलं, की बाबा हिवाळ्यापासून जिना उतरलेले नाहीत. गुडघ्यांचं निमित्त, पण खरं म्हणजे मनच नाही. जेवण चिमणीएवढं, दिवसभर खुर्ची.

डॉक्टर खूप वाळले होते. मावशींना ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. मावशींनी बाही वर केली तसे त्यांनी वाचायचं भिंग उचललं आणि चकती अशी न्याहाळली, की जणू दंड कुणा दुसऱ्याचाच आहे. मग प्रश्नांची फैर. ही रक्तातली साखर मोजते का? मावशींनी ऐकलेलं सांगितलं, की रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली, म्हणून रक्तापेक्षा जराशी मागे चालते. डॉक्टरांनी मान डोलवली. फोन हातात घेऊन ते ती रेघ बोटानं मागे नेत राहिले. सकाळ, रात्र, आदली दुपार. 

मग मावशींनी जन्मभर न विचारलेलं विचारलं.

"डॉक्टर, मी एवढी जगेन असं तुम्हाला तेव्हा वाटलं होतं?"

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "नाही," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांशीही मी खोटं बोललो नव्हतो. पण दर महिन्याला टपालानं मासिकं यायची ना, त्यांत काहीतरी नवीन असायचंच. कुठं सुरू झालेलं, आपल्याकडे पोचायला वर्षं लागणारं. मी म्हणायचो, ते येईपर्यंत हिला टिकवायचं. ते आलं की पुढच्यापर्यंत. एवढंच माझं धोरण होतं, बाई. फार लांबचं मी कधी बघितलंच नाही."

 मावशींनी पदराशी चाळा केला, खिडकीबाहेर बघितलं. वडील जाऊन किती वर्षं झाली होती. हे मनात ठेवून ते रोज सकाळी तिला शाळेत सोडायला यायचे आणि रस्ताभर गाणी म्हणायचे.

डॉक्टरांनी मात्र एव्हाना आपल्या सदऱ्याची बाही वर गुंडाळायला घेतली होती. "जास्तीची आहे का एखादी? मला लाव."

मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला कुठं मधुमेह आहे. डॉक्टर म्हणाले, म्हणून तर, निरोगी माणसाची रेघ कशी दिसते ते बघायला नको? मावशींनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, लावा, काही अपाय नाही. मावशींच्या पिशवीत पुढच्या वेळची एक होतीच. हाडाला चिकटलेल्या त्या सुरकुतल्या दंडावर त्यांनी जरा मऊ जागा शोधली, स्पिरिटचा बोळा फिरवला, चकती दाबली आणि ती मुलीच्या फोनला जोडून दिली. डॉक्टरांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत.

तिथून पुढं मावशींच्या दुकानातला फोन सारखा वाजायला लागला. पावावर रेघ किती चढली, उकडलेल्या बटाट्यावर किती, आधी अंडं खाऊन मग पाव खाल्ला तर किती. प्रयोगासाठी का होईना, डॉक्टर जेवायला लागले. मुलगी म्हणाली, ताटात काय हवं ते आता बाबाच सांगतात, आणि भांडून घेतात.

एका संध्याकाळी फोन आला, लगेच ये.  मशीनवरचं कापड तसंच टाकून मावशी गेल्या, तर डॉक्टर खालच्या दुकानाच्या पायरीवर बूट घालून उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मुलीचा फोन. आत्ताच केळं खाल्लंय, ते म्हणाले, रेघ चढतेय. चाललं की उतरते असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, डोळ्यांनी कधी बघितलं नाही.

मावशींनी त्यांचा हात धरला. दोघं गल्लीतून निघाली, मुंगीच्या पावलानं. बेकरीवाला बाहेर येऊन उभा राहिला. खुर्चीवर बसलेल्या न्हाव्यानं वर्तमानपत्र खाली केलं आणि डॉक्टर, तुम्ही, एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी त्याला थांबून विचारलं, आईचा दमा कसा आहे. आई गेली, तो म्हणाला, दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी न्हाव्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग ते पुन्हा निघाले. वर गॅलरीत मुलगी कठड्याला धरून उभी होती.

वळणावर दम घ्यायला दोघं भिंतीला टेकली. डॉक्टरांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, शेवटी मावशींकडे दिला.

"तूच बघ. मला बाण दिसत नाही."

"खाली आहे," मावशी म्हणाल्या. "उतरतेय."

"किती?"

मावशींनी आकडा सांगितला. डॉक्टर खूश झाले आणि म्हणाले, मग नदीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ.