जावईबापूंचं काम

त्या जीवाणूच्या पेशीत एक प्रथिन होतं आणि ते नेमकं करतं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रयोगशाळेत त्याचं नाव पडलं होतं जावईबापू. मानानं बसून खायचं, आणि कामाचं विचारलं की सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघायची. संशोधक बाईंनी या जावयापायी उमेदीची वर्षं घातली. पण ते काढून टाकलं तरी जीवाणू आपला मजेत वाढायचा. एकदा तर बाई घरी येऊन ढसाढसा रडल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नशीब उघडलं. थंडीत ठेवून बघितलं, तर प्रथिन नसलेले जीवाणू पटापट मेले! म्हणजे थंडीतून वाचवणं हे जावईबापूंचं काम. बाईंचा लेख स्वीकारला गेला, छापायचाच काय तो बाकी होता. नवरा त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. गारठ्यानं बाईंची बोटं आखडायची, म्हणून शीतखोलीतलं सगळं तोच बघायचा. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं बाई चारचौघांत सांगायच्या.

तो बहिणीकडे गेला, तेव्हा बाईंनी हातमोजे चढवले आणि स्वतःच दोन चंबू आत ठेवले, एकात प्रथिन असलेले जीवाणू, दुसऱ्यात नसलेले. दोन्ही सारखेच गढूळ झाले. दोन्हींतले जीवाणू टुणटुणीत. बाईंनी आधी स्वतःलाच बोल लावला. चंबूंची अदलाबदल झाली असेल, दुसरं काय? पुन्हा केलं, तेच. आणखी एकदा केलं, तेच. मग मात्र त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

नवरा परत आला. त्यानं बॅग खाली ठेवली न ठेवली, तोच बाईंनी विचारलं, “थंडीत प्रथिन नसलेल्या चंबूत काय घालत होतास?”

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. “अँटिबायोटिक. दोन-चार थेंब.”

“कधीपासून?”

“तू रडलीस ना, तेव्हापासून. मला बघवेना गं.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळा कापायचा आणि वर त्याला माया म्हणायचं! वैऱ्यानं केलं असतं, तर निदान कडकडून भांडता तरी आलं असतं.

“मी लेख मागे घेतेय. आत्ताच.”

“वेडी आहेस का? कोण तपासायला येणारे? ते प्रथिन काय करतं, हे जगात कुणाला माहीत तरी आहे का?”

“मला माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “अख्ख्या जगात मला एकटीला माहीत होतं.”