पहिल्या दहा जणी

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता शोधयंत्र चालवणाऱ्या कंपनीने माझ्या मुलीच्या रडण्याचा अर्थ माझ्याकडून काढून नेला. दुर्वा तेव्हा आठ महिन्यांची होती.

कंपनीकडून सोनटक्के नावाचे गृहस्थ आले. त्यांनी दारात बूट काढले, मग मोजे काढले आणि मोज्यांची घडी करून ती खिशात ठेवली. मी पाणी दिलं.

"वहिनी, दिवसातून साठ वेळा तुम्ही आम्हाला विचारता," ते म्हणाले. "बाळाची शी हिरवी. बाळ कान ओढतंय. बाळ झोपेत हसतं, काही धोका आहे का."

"हो."

"आणि उत्तर उघडायच्या आधीच तुम्ही उठून गेलेल्या असता. बरोबर तेच करायला. आम्हाला दिसतं ना."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मला काहीच कळत नाही.

"आमच्या यंत्राला शब्द कळतात. विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय, ते कळत नाही. तुमच्याकडे ते तयार आहे. नव्याने बनवत बसण्यापेक्षा आम्ही असं तयार तंत्रज्ञान घेऊन टाकतो. आणि तुमचंही बरंच आहे. परत कधी शंका म्हणून येणार नाही."

माझ्या नवऱ्याने, हृषीकेशने, आतल्या खोलीत मीटिंग म्यूट केली. "अगं, कर ना सही! चोवीस तास घाबरलेली असतेस, तेवढंच सुटेल."

"आमची पोरं म्हणजे फुकटच रडली म्हणायची," सासूबाई म्हणाल्या. त्या गवार मोडत होत्या.

मी सही केली. सोनटक्क्यांनी माझ्या उजव्या कानातून एक ओला दोरा ओढून काढला आणि पेन्सिलीला गुंडाळला. दोरा बराच निघाला. मध्ये त्यांनी हात बदलला. दुखलं नाही.

दुपारी दुर्वा रडली. शेजारच्या घरातला मिक्सर ऐकावा तसं मी ते ऐकलं. तेवढ्यात टीव्हीमागची भिंत बाजूला सरकली आणि बायका आत येऊन ओळीने उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढे होती तिच्या खांद्यावर 'जाहिरात' अशी पिवळी पट्टी होती आणि हातात नाचणी सत्त्वाचा डबा. ती नुसती हसत राहिली. दुसरीने दुर्वाला उचलून खांद्यावर घेतलं आणि पाठीवर तीनदा थोपटलं. दुर्वाने ढेकर दिला.

त्या दहा जणींत चौथ्या जागी मी होते. तिथे जाऊन कधी उभी राहिले, ते आठवत नाही.

बुधवारी मी सातवी होते. शुक्रवारी दहावी. सोनटक्क्यांचा फोन आला.

"अभिनंदन वहिनी! निकाल रोज सुधारतायत. तुमच्यामुळेच."

"मी खाली खाली जातेय."

"साहजिक आहे. तुमच्याकडे आता ते नाही ना."

शनिवारी मी अकरावी झाले. हॉलमध्ये अकराव्या बाईला जागा नव्हती, म्हणून मी पुढच्या खोलीत गेले. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचाच आहे. ही तिसरी होती, पण फरशी तीच होती. आत सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या.

"ये, बस. इकडे कुणी फिरकत नाही."

"आई, तुम्ही कधी आलात?"

"मंगळवारीच. चहा टाकायला म्हणून उठले, ती इकडेच निघाले." त्यांनी माझ्यासमोर थोडी गवार सरकवली. "शिरा नीट काढ. तुझ्या भाजीत नेहमी दातात येतात."

"दुर्वा रडतेय का?"

"रडत नाही आता. बोलते."

मी भिंतीला कान लावला. "कोमट पाणी," माझी आठ महिन्यांची मुलगी पलीकडे स्वच्छ आवाजात म्हणाली. "वाटीत. आत्ता." बांगड्या वाजल्या. पाणी प्याल्याचा आवाज आला. हृषीकेश फोनवर कुणाला तरी सांगत होता, "काय समजूतदार झालीय सांगू, अजिबात त्रास नाही!"

मला काही वाटायला हवं होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग शिरा काढायला घेतल्या.

रविवारी, जेवणाच्या वेळेला, दुर्वा म्हणाली, "आई."

त्यापुढे काही नाही. कुठे, कधी, किती, काहीच नाही. पलीकडे दहाच्या दहा बायका एकदम म्हणाल्या, "काय गं बाळा?" मग जिन्यात पावलं वाजायला लागली, खूप पावलं.

मी गवार टाकून बाहेर पळाले. आमच्या दारापासून बायकांची रांग लागली होती. मी पुढे घुसायला गेले, तर खांद्याला पर्स लावलेल्या एकीने माझा दंड धरला.

"ओ ताई, रांगेत या. इथे सगळ्या आयाच आहेत."

"ती माझी मुलगी आहे."

"मग आम्ही काय भाजी घ्यायला आलोय?"

दोघीतिघी हसल्या.

रांग तीन मजले उतरून, पार्किंगमधून, गेटबाहेर, मेडिकलच्या दुकानापलीकडे गेली होती. मी शेवटी जाऊन उभी राहिले. सोनटक्के हातात यादी घेऊन रांगेच्या कडेने चालत आले. आज ते अनवाणी होते.

"या शब्दाला फार निकाल येतात," ते म्हणाले. "पण थांबू नका, वहिनी. उन्हात कशाला? पहिल्या दहांत काम होतं. त्याच्यापुढे कुणी बघत नाही. आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे."

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून दुर्वाचा आवाज आला.

"पुढचं पान."

सोनटक्क्यांनी वर पाहिलं. दहा बायका जिना उतरून गेटबाहेर आल्या आणि आमच्याकडे न बघता निघून गेल्या. पहिलीच्या हातात डबा होता. रांग दहा पावलं सरकली.

"पुढचं पान."

मी गेटपाशी आले तेव्हा तिचा आवाज थोडा भरला होता. पार्किंगमध्ये पोचले तोवर त्याला दात आले होते. पहिल्या मजल्याच्या कठड्याला मी हात लावला, तेव्हा तो शाळेत एकटी जाणाऱ्या मुलीचा आवाज होता. ती न थकता तेच म्हणाली आणि आणखी दहा जणी मला घासून खाली उतरल्या.