तेरावं डोकं

मार्लिस वोंद्राचेकनं शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं पोरांना वाढलं होतं. गावातलं कोण किती खातं आणि कोण किती खोटं बोलतं, हे तिला बरोबर ठाऊक होतं. म्हणून एकोणीस जणांनी "कॉकसला नक्की येतो" म्हणून शब्द दिला, तेव्हा तिनं मनातल्या मनात पाच वजा केले होते. त्या संध्याकाळी पारा शून्याच्या खाली पार तळाला गेला आणि पाचाचे आठ झाले.

शाळेच्या जिममध्ये ती भिंतीला टेकून डोकी मोजत होती. कॉकस म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची सभा. आयोवातली ही रीतच अशी, की मतपेटी नाही, पडदा नाही. ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्या गावादेखत. शंभरात पंधरा माणसं जमली नाहीत तर तो कोपरा बाद, आणि त्यातल्यांनी मुकाट दुसऱ्याच्या कोपऱ्यात जायचं. साडेसहा वाजले होते. गर्दी ऐंशीच्या वर गेली होती, म्हणजे किमान तेरा हवेत. सिनेटर थेलबाईंच्या कोपऱ्यात अकरा माणसं आणि बारावी स्वतः मार्लिस. सातनंतर आलेलं डोकं धरत नाहीत.

समोरच्या कोपऱ्यात कॅरल अ‍ॅन स्टट्झमन केक कापत होती. ती मार्लिसची शेजारीण आणि गव्हर्नर ब्रॅडकची गावातली कारभारीण. तिच्याकडे चाळीसेक माणसं होती.

"मार्लिस, ये गं इकडे. केक उरणार आहे."

"उरलेलं तूच खा," मार्लिस म्हणाली. तिनं कोट घातला, दारापाशी गेली आणि ओर्विलला फोन लावला.

ओर्विल डीट्झ सत्त्याऐंशी वर्षांचा होता. आठवडाभर त्याला खोकला होता आणि दुपारी मार्लिसनंच त्याला बजावून सांगितलं होतं, की घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

"ओर्विल, खोकला कसा आहे तुमचा?"

"होता तिथंच आहे. आकडा सांग."

"बारा."

"हवेत किती?"

ती कोटाची बटणं लावत राहिली.

"अगं पोरी, बेचाळीस वर्षं शाळेची बस चालवली मी. एक डोकं कमी असलं तर न मोजता कळायचं मला. गाडी आण. मी बूट चढवतो."

"राहू द्या," असं म्हणायला काय लागत होतं? शब्द जिभेवर आलेही होते. ते तिनं गिळले आणि गाडीकडे पळाली.

ओर्विलसाठी ही निवडणूक म्हणजे बर्निस होती. गावचं छोटं हॉस्पिटल बंद झालं त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात त्याच्या बायकोच्या छातीत कळ आली. मोठं हॉस्पिटल सव्वा तासावर. अँब्युलन्स हायवेवर असतानाच ती गेली, तिचा हात ओर्विलच्या हातात होता. मागच्या जूनमध्ये थेलबाई गावच्या वाचनालयात आल्या. तीसेक माणसं होती. ओर्विल उठला, टोपी काढली आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. बाई खाली उतरल्या, त्याच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बर्निसचं नाव मी विसरणार नाही." राजकारण्यांचं बोलणं वाऱ्यावर जातं म्हणावं, तर दोन महिन्यांनी टीव्हीवरच्या वादसभेत, अख्ख्या देशासमोर, बाईंनी तिचं नाव घेतलं. ब्रॅडककडे बोट करून म्हणाल्या, "या गृहस्थांनी आपल्या राज्यात नऊ हॉस्पिटलं बंद केली. बर्निस डीट्झच्या नवऱ्याला उत्तर द्या म्हणावं."

त्या दिवसापासून मार्लिसनं जिवाचं रान केलं. दारं ठोठावली, कुत्री अंगावर घेतली, लोकांच्या ओसरीत उभी राहून शिव्या खाल्ल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिचा नवरा व्हर्न रात्रीचं जेवण स्वतः गरम करून घ्यायला शिकला. "बाई निवडून आली तर मला मंत्री करायला सांग, उपासमार खात्याचा," असं तो म्हणायचा. पण कॉकसला तोही आला होता. बारांतला तो एक.

सातला चार मिनिटं कमी असताना मार्लिस ओर्विलला धरून जिममध्ये आली. त्याच्या मफलरवर श्वासाचा बर्फ झाला होता.

"मार्लिस!" कॅरल अ‍ॅन ओरडली. "दफनभूमीतनं उठवून आणलंस की काय यांना?"

"तिकडेच निघालो होतो," ओर्विल म्हणाला. "पण तुझ्या गव्हर्नरच्या राज्यातली अँब्युलन्स. अजून पोचलीच नाही."

दोन्ही कोपरे हसले. कॅरल अ‍ॅनसुद्धा हसली.

एकूण डोकी शहाऐंशी भरली. तेरा हवी होती आणि तेरा झाली. मग दुसऱ्यांदा मोजणी, कागदावर सह्या, कुणाची तरी हरकत, पुन्हा मोजणी. लोक ये-जा करत होते आणि दर वेळी दारातून गार वारा सरळ त्यांच्या कोपऱ्यात शिरत होता. मार्लिसनं खुर्ची आणली. ओर्विल बसेना. "उभं राहायचं म्हणून आलोय ना?" म्हणाला. तासभर उभा राहिला, मगच बसला. पुढच्या अधिवेशनाला जाणारा गावाचा एक प्रतिनिधी थेलबाईंच्या वाट्याला आला. मार्लिसनं ओर्विलला मिठी मारली. त्याचे गाल तापले होते. आनंदानं असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं.

राज्यात थेलबाई चौथ्या आल्या. तरी मार्लिसला वाटत होतं, अजून बाकीच्या राज्यांतलं मतदान व्हायचं आहे.

तिसऱ्या दिवशी ओर्विलच्या लेकीचा, जनेटचा, फोन आला. "बाबांना न्यूमोनिया झालाय. अँब्युलन्सनं नेलंय. सव्वा तास." मग म्हणाली, "तुला माहीत होतं ना खोकला आहे ते? तूच म्हणाली होतीस ना मला, मी त्यांना बाहेर पडू देणार नाही म्हणून?"

"हो," मार्लिस म्हणाली.

"मग?"

जनेटनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मार्लिस हॉस्पिटलकडे निघाली. अर्ध्या वाटेत रेडिओवर बातमी आली. थेलबाईंनी माघार घेतली होती आणि त्या ब्रॅडकना पाठिंबा देत होत्या. मार्लिसनं गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मधून एक ट्रक गेला. बाई बोलत होत्या. आवाज तोच, वाचनालयातला, मायेचा. "आयोवातल्या बर्निस डीट्झचं स्वप्न आता गव्हर्नर ब्रॅडक पूर्ण करतील," त्या म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बर्निसचं कसलं स्वप्न? तिला टोमॅटो लावायचे असत आणि रविवारी चर्चच्या भजनात आल्टोची खालची पट्टी गायची असे. मार्लिसला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही. ओर्विलला कळता कामा नये, एवढा एकच विचार करत ती गाडी हाकत राहिली.

खोलीत शिरली तर भिंतीवरचा टीव्ही चालू होता, आवाज बंद. पडद्यावर थेलबाई आणि ब्रॅडक एकमेकांचे हात धरून उंच करत होते. ओर्विलच्या नाकाला नळी होती. खिडकीपाशी जनेट बसली होती. ती उठून बाहेर गेली.

"पाहिलं तुम्ही?" मार्लिसनं विचारलं.

"पाहिलं." श्वास घेत घेत तो बोलत होता. "तिचं नाव घेतलं."

"हो."

"ते मी दिलं होतं तिला. वाचनालयात." त्यानं नाकाची नळी सारखी केली. "दिलेलं नाव परत कसं मागायचं, मार्लिस?"

"मी पत्र लिहीन."

"लिही."

"ओर्विल, मी तुम्हाला आणायला नको होतं त्या दिवशी."

तो नाही म्हणेल, हात थोपटेल, अशी तिला आशा होती. तिनं ती स्वतःशी कबूलही केली. पण ओर्विलनं डोळे मिटले आणि म्हणाला, "हो. नको होतं." त्यात राग नव्हता. बसमध्ये एक पोर कमी आहे हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

नऊ दिवसांनी तो गेला. अंत्यविधीला मार्लिस मागच्या बाकावर बसली. जनेटनं तिच्याकडे पाहिलं नाही. बाहेर कॅरल अ‍ॅननं तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "तुझी बाई आमच्याकडे आली म्हणून मला आनंद झाला असेल असं वाटतं का तुला? मलाही नाही आवडलं ते." मार्लिसला ते खरं वाटलं. पण त्याचा उपयोग काही नव्हता.

तिनं पत्र लिहिलं. दोन ओळी. बर्निस डीट्झचं नाव यापुढे घेऊ नका, तिच्या नवऱ्याची तशी इच्छा होती. तीन आठवड्यांनी छापील उत्तर आलं. प्रिय मार्लिस, तुमच्यासारख्या कार्यकर्त्यांमुळेच ही चळवळ उभी आहे, आता गव्हर्नर ब्रॅडकसाठी दारोदार जायची वेळ आली आहे. खाली थेलबाईंची सही होती, तीही छापील. व्हर्ननं ते वाचलं आणि एरवी कशावरही विनोद करणारा तो माणूस नुसता उठून बर्फ उपसायला गेला.

उन्हाळ्यात कुणीतरी दारावर आलं, छातीवर ब्रॅडकचा बिल्ला. मार्लिस पडद्याआड उभी राहिली, पण दार उघडलं नाही. आपल्याला पाहून किती जण असेच उभे राहिले असतील, ते तिला तेव्हा कळलं.

नोव्हेंबरात ती मत द्यायला गेली. न जायचं ठरवलं होतं, पण वयाच्या अठराव्या वर्षापासून एकही निवडणूक चुकली नव्हती. पाय आपोआप निघाले. शेरिफच्या नावापुढचा गोल तिनं भरला, परगण्याच्या मंडळाचे तीन भरले. सगळ्यात वर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावं होती, त्यांत ब्रॅडकचं. पेन तिथं धरून ती बराच वेळ उभी राहिली. मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं. तिनं कागद तसाच मतं मोजणाऱ्या यंत्रात सरकवला. यंत्र कुरकुरलं.

टेबलापाशी बसलेली बाई वाकून म्हणाली, "वरचं कोरं राहिलंय, मार्लिस. चुकून राहिलं का?"

"नाही."

"कागद परत देऊ? भरून टाक."

"नको," मार्लिस म्हणाली. "जाऊ दे तसंच."

बाईनं बटण दाबलं. यंत्रानं कागद आत ओढून घेतला. मार्लिस बाहेर आली आणि हातमोजे चढवत गाडीकडे चालू लागली.